घागांची गाडी

परवा सकाळी संस्थेचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या, आवाज रडून बसलेला. "तुमची ती गाडी मिळेल का हो? घाग म्हणून ड्रायव्हर आहेत ना, ते आमच्या सासऱ्यांच्या वेळी आले होते. तेच हवेत." मी सांगितलं, की गाडी बंद झाली, महापालिकेचा नंबर देते, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतला आणि म्हणाल्या, "आणि घाग?" मी म्हटलं, ते आता येत नाहीत.

वर्ष उलटून गेलं तरी महिन्या-दोन महिन्यांनी असा एखादा फोन येतोच. घरात माणूस गेल्याच्या गडबडीत लोक शेवटचे उपचार केलेल्या डॉक्टरचं नाव विसरतात, गुरुजींचं विसरतात. शववाहिनीच्या ड्रायव्हरचं नाव लक्षात ठेवणारे लोक मी फक्त घागांच्या बाबतीत पाहिले.

मी डोंबिवलीतल्या एका छोट्या संस्थेच्या कार्यालयात सकाळी दहा ते एक फोन घ्यायला बसते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा हे बरं, असं माझ्या मुलाचं मत पडलं, आणि सुनेचं त्याहून जास्त. संस्था आजारी माणसांना लागणारं सामान वापरायला देते. खाटा, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या. आणि एक शववाहिनी होती. रमाकांत घाग तिचे ड्रायव्हर. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीची बस चालवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर ते स्वतःहून आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गाडी आहे, ड्रायव्हर टिकत नाही असं ऐकलं. मी टिकेन."

अंगाने बुटके, भुवया जाड, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, पायात कंपनीने दिलेले जाड काळे बूट. चेहरा कायम असा, की नुकताच कोणीतरी यांचा पाय तुडवलाय. पहिल्या महिन्यात मला हा माणूस अजिबात आवडला नाही. फोन आला की मी नाव-पत्ता घ्यायचे आणि रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायचे. ते तीनच प्रश्न विचारायचे. मजला कितवा? लिफ्ट आहे? जिना सरळ की वळणाचा? कोण गेलं, कसं गेलं, एक शब्द नाही. मला शाळेतली सवय. एकदा न राहवून मी बोलले, "अहो घाग, निदान 'वाईट झालं' एवढं तरी म्हणावं माणसाने."

"ते बोलायला शंभर लोक येणार, बाई," घाग म्हणाले. "जिन्याचं कोण विचारणार?"

पुढे माझ्याच चुलत दिरांच्या वेळी मला त्या प्रश्नांची किंमत कळली. चौथा मजला, लिफ्ट बंद, जिना असा की वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. घाग आले ते खुर्ची आणि चार पट्टे घेऊनच. आमची पुरुषमंडळी 'असं धरा, तसं धरा' करत होती. घागांनी सगळ्यांना बाजूला सारलं, भावोजींना खुर्चीत बसवून पट्टे लावले, आणि कुठे भिंतीला धक्काही न लागता खाली आणलं. वळणावर ते त्यांच्या कानाशी हळूच म्हणाले, "जरा सांभाळून हां, काका." मी मागेच होते म्हणून मला ऐकू आलं.

त्यांच्या गाडीत पाण्याचा कॅन आणि सहा ग्लास असत, एक चटई, सुतळीचा गुंडा, कात्री, आणि सीटखाली वेगवेगळ्या मापाच्या चपलांचे चार जोड. चपला कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "कोणीतरी अनवाणी निघालेलं असतंच. उन्हात तिथली फरशी काय तापते." आपल्याकडे मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. 'जातो' म्हणायला कोणाचीच जीभ रेटत नाही. घाग काहीच म्हणायचे नाहीत. दाराच्या चौकटीला दोन बोटं लावायचे आणि उतरायचे. आत माणूस असताना ते हॉर्न वाजवत नसत. डोंबिवलीच्या रस्त्यावर हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. पण ते वेळेवर पोचायचे. "उशीर मेलेल्याला होत नाही, बाई. घरच्यांना होतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून माझं पाठ झालं होतं.

एकदा कमोडची खुर्ची परत करायला एक गृहस्थ आले, त्यांनी सांगितलेली गोष्ट. वडील गेले. दोघे भाऊ, वर्षानुवर्षं बोलणं नाही. एक कल्याणला, एक डोंबिवलीला. थोरला म्हणे, बाबांना आधी माझ्या दारावरून न्यायचं; धाकटा म्हणे, इतकी वर्षं सांभाळलं मी, आता तुझं दार कसलं? गाडीतच जुंपली. घागांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, मागे वळले आणि म्हणाले, "तुमचं होऊ दे. मी आजोबांशी बोलत बसतो." आणि खरंच बोलायला लागले. "आजोबा, दोन्ही पोरं धडधाकट आहेत हो. तिरडीची एक-एक बाजू आरामात उचलतील. अजून काय पाहिजे?" गाडी दोन्ही दारांवरून गेली. सांगताना ते गृहस्थ हसत होते आणि डोळे पुसत होते. थोरले का धाकटे, ते मी विचारलं नाही.

हे सगळं घाग का करत होते, ते मला दोन वर्षांनी समजलं. दुपारी डबा खाताना मी सहज विचारलं होतं, की घरी काही बोलत नाहीत का, या वयात हे काम कशाला म्हणून. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "घरी कोण आहे? मुलगी सासरी, पनवेलला. मिसेस गेली." मग आपणहून बोलले. "कळव्याला ॲडमिट होती. गेली सकाळी. गाडी मिळाली नाही. चार ठिकाणी फोन केले. मग टेम्पो केला. कोबीचा होता. पानं पडलेली खाली, झाडायला वेळ नव्हता त्याला. घरी आणली तर मुलीने तिच्या केसातून एक पान काढलं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तेव्हाच ठरवलेलं. आपल्या हातून कोणाला असं न्यायचं नाही."

त्या दिवसापासून घाग मला आवडायला लागले. माझा आवडायचा वेग पहिल्यापासून असाच आहे.

या कामाने त्यांना माणसांतून थोडं उठवलं होतं. त्यांच्या सोसायटीने गाडी फाटकाशी उभी करायला मनाई केली, म्हणून ती आमच्या कार्यालयामागे उभी असायची. शेजारच्या मुलीच्या हळदीचं बोलावणं आलं, तेव्हा आणणारी बाई दारातच घुटमळली म्हणे. घागांनी तिला सोडवलं: "मला त्या दिवशी ड्युटी आहे, वहिनी." पुढे ते अशी सगळी बोलावणी ड्युटी सांगूनच टाळायला लागले. गाडीलाही तेच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षांचा स्टँड आहे. दसऱ्याला सगळ्या रिक्षा ओळीने उभ्या राहतात, हार, आंब्याचे डहाळे, चाकाखाली लिंबू. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी स्टँडवरचा एक जण आला आणि भीत भीत म्हणाला, "काका, उद्या-परवा तुमची गाडी जरा आत घ्या ना. पूजेच्या लाईनीत दिसते."

घागांनी निमूटपणे गाडी आत घेतली. मग माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "बाई, आपण का नाही करत हिची पूजा?"

खरं तर हे संस्थेत कोणाच्या मनातच आलं नव्हतं. शववाहिनीला कोण कुंकू लावणार? मी म्हटलं, "करा की. मी ताट आणते."

त्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. खंडेनवमीला सकाळी ते गाडी धुवायला घेऊन गेले. सर्व्हिसिंगवाल्याने 'आज फार गर्दी आहे' म्हणून परत पाठवलं. सणाच्या दिवशी ही गाडी रॅम्पवर कोण घेणार? मग घागांनी इमारतींच्या पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जोराच्या फवाऱ्याचा पंप आणला आणि कार्यालयामागे स्वतः धुवायला बसले. बाहेरून धुतली, आतून धुतली, फटींत अडकलेल्या लाह्या टाचणीने काढल्या. आणि शेवटी बॉनेट उघडून इंजिन धुतलं, त्याच फवाऱ्याने. कंपनीच्या बसचं इंजिन ते दर दसऱ्याला असंच धुवायचे. त्या इंजिनात नुसतं लोखंड होतं, पाण्याने त्याचं काय वाकडं होणार? नव्या गाड्यांच्या इंजिनाला एक मेंदू असतो, बॅटरीच्या शेजारी, डब्याएवढ्या पेटीत, त्याला ईसीएम म्हणतात आणि त्याला पाणी चालत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी उघड्या बॉनेटपाशी उभी राहून म्हणाले होते, "अगदी आरशासारखं केलंत हो इंजिन!"

दसऱ्याला मी ताट नेलं. झेंडूचा हार, नारळ, आपट्याची पानं. बॉनेटवर हळदकुंकू मी लावलं. घाग हात जोडून उभे होते. रिक्षावाले लांबून बघत होते, नंतर त्यातले दोघे जण येऊन सोनं देऊन गेले. घाग दिवसभर त्या गाडीभोवती फिरत होते, घरात नवीन फ्रीज आला की माणूस फिरतो तसे.

दहा-बारा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. "बाई, गाडी बंद पडलीय. पत्रीपुलाच्या अलीकडे." आणि मग खाली आलेल्या आवाजात, "आत आजी आहेत."

मी ओळखीच्या सगळ्या गाड्यांना फोन केले. महापालिकेच्या दोन्ही बाहेर होत्या. एकाने 'तासाने सांगतो' म्हटलं, दुसऱ्याने उचललाच नाही. तिकडे घाग पुन्हा पुन्हा चावी फिरवत होते. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागत, विझत, आणि इंजिन हूं का चूं करत नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन. मागे दोन्हीकडून हॉर्न. आजींचा मुलगा हातात मडकं घेऊन रस्त्यावर उभा. शेवटी नातेवाइकांनीच एक टेम्पो थांबवला, पाण्याचे जार पोचवणारा. जार एका बाजूला रचून त्यांनी आजींना त्यात ठेवलं. घाग आपली गाडी भर रस्त्यात उघडी टाकून त्या टेम्पोत मागे चढले आणि स्मशानापर्यंत आजींचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले, जार घरंगळून लागू नयेत म्हणून. हे मला आजींच्या जावयाने फोनवर सांगितलं. तक्रार करायला म्हणून त्याने फोन केला होता, पण हे सांगितल्यावर त्याला तक्रार करता येईना.

एक वाजून गेला तरी मी घरी गेले नव्हते. घाग चार वाजता कार्यालयात आले. बसले नाहीत. शर्टाची बाजू जारच्या पाण्याने भिजलेली होती. म्हणाले, "माझ्याच हातून झालं, बाई. तेच झालं." मी पाणी दिलं. ते ग्लास तसाच धरून उभे राहिले.

गाडी ओढून आणली, आणि मग सुरू झाली वणवण. कोलशेतच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या वॉचमनने फाटकच उघडलं नाही. आतून एक टाय घातलेला मुलगा आला आणि फार नम्रपणे म्हणाला, की सर, आत बाकीचे कस्टमर आहेत, ही आत घेता येणार नाही. डोंबिवलीतल्या दोन गॅरेजवाल्यांनी 'दिवाळीनंतर बघू' म्हणून वाटेला लावलं. गॅरेजमध्ये शववाहिनी रात्रभर उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येत नाही, असं सगळेच मानतात. शेवटी शहाडचा एक वायरमन तयार झाला. वायरमन म्हणजे गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करणारा. नितीन नाव त्याचं, पस्तिशीचा, शांत. तो म्हणाला, "दुकानासमोर नको. नदीकडे जायच्या रस्त्याला भिंत आहे, तिथे लावा. मी तिथे येऊन करतो. फक्त ते नाव झाका, काका. आजूबाजूला लोक राहतात."

घागांनी घरून चादर आणली. मोठमोठ्या गुलाबांची. ती 'शववाहिनी' या अक्षरांवरून टाकून दोन्ही टोकं दारांत अडकवली. त्या दिवशी कागदपत्रं द्यायला मी शहाडला गेले होते. मला बघून म्हणाले, "झाकली, बाई." एवढंच.

नितीनने लॅपटॉप बॉनेटवर ठेवला, वायर जोडली. बराच वेळ काहीतरी वाचत राहिला. मग ती पेटी खोलून बाहेर काढली आणि तिचा सॉकेट उन्हात धरला. आतल्या बारीक पिना हिरव्या पडल्या होत्या, तांब्याच्या भांड्याला चढतो तशा कळकाने.

"ईसीएम गेलाय. आत पाणी गेलंय. इंजिन कोणी धुतलं का?"

"मी," घाग म्हणाले. एका क्षणाचाही वेळ न लावता.

"दसऱ्याला?"

"हो."

"दर वर्षी दसऱ्यानंतर दोन-तीन येतातच अशा," नितीन म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता. घागांना तो पोचला नाही.

या मॉडेलची नवी पेटी कंपनीने बनवणं बंद केलं होतं. ऑर्डर लिहून ठेवतो, आली तर कळवू, असं ठाण्याच्या डीलरने सांगितलं. ते 'आली तर' ऐकूनच समजायचं ते समजायला हवं होतं. घाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात सहा दिवस फिरले. जुन्या पेटीवरचा नंबर त्यांनी डाव्या तळहातावर पेनने लिहिला होता. घामाने पुसट झाला की पुन्हा लिहायचे. सहाव्या दिवशी तशी पेटी मिळाली, अपघातात चेचलेल्या गाडीतली. शेवटची दोन अक्षरं वेगळी होती. नितीन म्हणाला, बघू बसवून.

ती पेटी बसवली त्या सकाळीही मी तिथे होते. बोलावलं नव्हतं, गेले. नितीनने खूण केली. घागांनी चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं. व्यवस्थित, दणदणीत. घागांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि इंजिन बंद पडलं.

पुन्हा चावी. सुरू. दोन सेकंद. बंद.

नितीनने लॅपटॉपवर बघून सांगितलं, की या मेंदूत त्याच्या जुन्या गाडीची चावी भरलेली आहे. आपली चावी तो ओळखत नाही. चोरी समजतो आणि इंजिन बंद करतो. आपल्या जुन्या पेटीतली माहिती काढून यात भरली तरच जमेल. कळव्यात एक जण असं काम करतो. घाग त्याच दिवशी जुनी पेटी रुमालात बांधून कळव्याला गेले. बायकोच्या हॉस्पिटलनंतर ते कळव्याला कधी गेले नव्हते. त्या माणसाने पेटी चार दिवस ठेवून घेतली आणि परत दिली. आतली चिपच सडली होती. वाचण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

नितीनने हे सांगितलं तेव्हा घाग ड्रायव्हरच्या सीटवरच बसलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि चावी फिरवली. सुरू. बंद. परत फिरवली. सुरू. बंद. "दोन सेकंद चालते ना," ते म्हणाले, "म्हणजे जीव आहे." परत फिरवली. नितीनने खिडकीतून हात घालून त्यांच्या मनगटावर ठेवला. "काका, बस झालं. स्टार्टर जळेल." जाताना त्याने मजुरी घेतली नाही. मला बाजूला घेऊन एक गोष्ट मात्र सांगितली, की पाणी हे निमित्त झालं. पिना आधीपासून गंजत होत्या, सीलच गेलं होतं. काकांनी धुतली नसती तरी पावसाळा-दोन पावसाळ्यांत ती गेलीच असती. "काकांना सांगितलं मी, ते ऐकत नाहीत. तुम्ही सांगा."

दिवाळी झाल्यावर संस्थेची सभा झाली. विषय आधीच ठरलेला होता. महापालिकेच्या गाड्या आहेत, आपली गाडी जुनी, दुरुस्त होत नाही, देणगीदारांना फिजिओथेरपी केंद्र हवं आहे. कोणी दुष्ट नव्हतं. सगळे बरोबरच बोलत होते, म्हणून तर त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं. घाग सभासद नव्हते, ते दारापाशी उभे होते. अध्यक्षांनी त्यांच्याकडे वळून सहज विचारलं, "बिघडली कशाने म्हणे?"

"मी धुतली," घाग म्हणाले. "पाण्याने गेली."

सभेत कोणीतरी च्च केलं. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. सील आधीच गेलं होतं, एवढं एकच वाक्य. गाडी वाचली नसती, निकाल बदलला नसता. पण त्या माणसाच्या डोक्यावरून ते उतरलं असतं, निदान लोकांसमोर तरी. मी मुलांना जन्मभर 'खरं बोला, वेळेवर बोला' शिकवलं. मला वाटलं, सभा लांबायला नको, नंतर निवांत सांगू. अध्यक्ष म्हणाले, गाडी भंगारात द्यावी याला अनुकूल असतील त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले. मीही केला. मान वळवून बघितलं तेव्हा घाग माझ्या हाताकडे बघत होते.

नंतर सांगितलं मी त्यांना. दुसऱ्या दिवशी, नितीनचं नाव घेऊन, सगळं समजावून. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही चांगल्या आहात, बाई." म्हणजे त्यांना ते समजूत घालणंच वाटलं. आदल्या दिवशी चार माणसांत सांगितलं असतं तर कदाचित खरं वाटलं असतं. हे मी आज लिहून काय उपयोग?

पुढचे दहा दिवस ते नेमाने कार्यालयात येत राहिले, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. फोन आला की मी महापालिकेचा नंबर द्यायचे आणि ते माझ्याकडे बघत बसायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे. अकराव्या दिवशी ते आले नाहीत. त्या दिवशी भंगारवाला गाडी न्यायला येणार होता.

मी एक वाजता काम आटोपून कल्याण-शीळ रस्त्याने रिक्षाने चालले होते. बहिणीकडे जायचं होतं. पुढे वाहनं हळू झाली म्हणून डोकावून बघितलं, तर आमची गाडी. भंगारवाल्याचा टेम्पो तिला जाड दोर लावून ओढत होता. ओढून नेताना मागच्या गाडीचं स्टिअरिंग सांभाळायला एक माणूस लागतो, आणि इंजिन बंद असलं की ब्रेक फार कमी लागतात. घाग बसले होते. दुसऱ्या कोणाला तिचे ब्रेक माहीत नाहीत, असं त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं असणार. नाव झाकलेलं नव्हतं.

दुपारची वेळ, रस्त्याच्या कडेला माणसं होती. बसची वाट बघणारी, उसाच्या रसाच्या गाड्यावरची, कारखान्यातून सुटलेली. आणि शववाहिनी येताना दिसली की आपल्याकडे माणूस जे करतो ते सगळे करत होते. एका म्हाताऱ्याने चपला काढल्या. रस पिणाऱ्या बाईने ग्लास खाली ठेवून हात जोडले. दोन कामगारांनी डोक्यावरची हेल्मेटं उतरवली. घाग एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसरा हात खिडकीबाहेर काढून त्यांना पंजा हलवून दाखवत होते. नाही, नाही. आत कोणी नाही. रिकामी आहे. प्रत्येकाला वेगळं, डोळ्यांत बघून. कोणाला कळत नव्हतं. लोक आणखी खाली मान घालत होते.

माझी रिक्षा त्यांच्या बरोबरीला आली. माझे हात कधी जोडले गेले, मला समजलं नाही. घागांनी माझ्याकडे बघितलं, आणि मलाही तसाच पंजा हलवून दाखवला.